शुभेच्छुकांतला बारावा

"ह्यो मानूस कुठं ऱ्हातो, तेवढं सांगा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईल माझ्या काउंटरवर ठेवला.

डिसेंबरमधली दुपार होती. नाताळच्या कामांची गर्दी उरकली होती, नवीन वर्षाची अजून सुरू व्हायची होती. मशीन बंद होतं आणि मी नुकताच डबा उघडला होता. बाई पन्नाशीच्या. नेवासा तालुक्यातल्या एका गावाहून एसटीनं आलेल्या. सोबत कोणी नाही. मोबाईलवर एका फ्लेक्सचा फोटो होता आणि तो फ्लेक्स माझ्याच दुकानात छापलेला होता. आम्ही प्रत्येक कामाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुकानाचं नाव आणि 'केडगाव' एवढं टाकतो. त्यावरून विचारत विचारत त्या आल्या होत्या.

लोक मला पेंटर म्हणतात. पूर्वी मी ब्रशनं पाट्या रंगवायचो. ब्रश सुटून पंधरा वर्षं झाली, नाव काही सुटलं नाही. आता धंदा फ्लेक्सचा. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शुभेच्छांच्या फ्लेक्सवर वर सणाचं चित्र असतं, मधे मोठ्या अक्षरांत शुभेच्छा, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून गोल चौकटींत बारीक बारीक चेहरे. या चेहऱ्यांच्या रांगेला आम्ही स्ट्रिप म्हणतो. स्ट्रिप एकदा बनवली की सेव्ह करून ठेवायची. पुढच्या सणाला वरचं चित्र बदललं की झालं. लोकांना वाटतं मंडळी दर सणाला फोटो काढायला बसतात. कोणी बसत नाही.

बाईंच्या मोबाईलवरचा फ्लेक्स भिंगारच्या एका मित्रमंडळाचा होता. हे मंडळ माझं जुनं गिऱ्हाईक. भिंगार नगरला लागूनच, लष्करी छावणीचं गाव. तिथं एका गल्लीत सगळ्या धर्मांची माणसं राहतात आणि कोणाला त्याचं नवल वाटत नाही. मंडळाचे अध्यक्ष दिलीपअण्णा, त्यांचं किराणा दुकान आहे. त्यांनी एक नियम घालून दिलेला: सण ज्याचा, टोपी त्याची. म्हणजे दिवाळीला स्ट्रिपमधल्या बाराही जणांच्या डोक्यावर फेटे, ईदला जाळीच्या टोप्या, नाताळला लाल टोप्या. हे सगळं आम्ही कॉम्प्युटरवरच चढवतो. अण्णांना येत्या निवडणुकीत उभं राहायचं आहे हे भिंगारमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण म्हणून नियम वाईट ठरत नाही.

मी फोटो मोठा केला. बाई दाखवत होत्या तो खालच्या रांगेतला शेवटचा, उजव्या टोकाचा चेहरा. रुंद कपाळ, जाड भुवया, फोटो काढताना हसायचं की नाही हे न ठरल्यासारखं तोंड. वर नाताळची लाल टोपी. बाईंनी बोटानं फोटो सरकवला. तोच चेहरा, फेट्यात. आणखी एक सरकवला. तोच चेहरा, जाळीच्या टोपीत.

"आमचे मालक हायेत हे," बाई म्हणाल्या. "सात वर्सं झाली घरातून गेल्याली."

मी डबा बंद केला.

त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांचं नाव सुमनबाई. नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी विचारल्यावर पिशवीतून आधारकार्डाची झेरॉक्स काढून पुढे सरकवली. बबनराव. पाण्याच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करायचे. सात वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मोटारीची तार आणायला म्हणून नगरला आले, ते परत गेलेच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही, व्यसन नाही. पोलिसांत नोंद झाली, दिरानं शिर्डी-शिंगणापूरपर्यंत शोध घेतला. काही लागलं नाही. मग या वर्षी भिंगारला दिलेल्या भाचीनं ईदच्या बोर्डाचा फोटो पाठवला. घरचे म्हणाले, एकासारखी सात माणसं असतात. दिवाळीला दुसरा फोटो आला. नाताळचा बोर्ड लागला तेव्हा सुमनबाई स्वतः येऊन त्याच्याखाली उभ्या राहिल्या.

गावात तोवर लोकांची तोंडं सुटली होती. ईदच्या फोटोवर म्हणाले, बाबा मुसलमान झाला. नाताळच्या फोटोवर म्हणाले, आता ख्रिश्चन झाला. बाईंना त्याचं काही नव्हतं. "टोपी घालू द्या न्हाईतर फेटा बांधू द्या," त्या म्हणाल्या. "जित्ता हाय का, तेवढंच मला पायजे. सोमवारी सही करायचीय."

सही कसली ते त्यांनी समजावून सांगितलं. माणूस सात वर्षं बेपत्ता असला, त्याचा काहीच ठावठिकाणा नसला, तर कोर्टातून तो मयत धरता येतो. दिरानं वकील गाठला होता. जमिनीच्या उताऱ्यावर अजून बबनरावांचंच नाव, त्यामुळे सगळी कामं अडलेली. दीर वाईट माणूस नव्हता, सात वर्षं त्यानं दोन घरं ओढली होती. सोमवारी सही आणि फेब्रुवारीत विधी. देह मिळाला नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात.

"जित्त्या मानसाचा पुतळा जाळायचा म्हंजी कसं वाटतं, सांगा," बाई म्हणाल्या.

तो गुरुवार होता. माझ्याकडे तीन दिवस होते आणि मला वाटलं काम सोपं आहे. मंडळाला फोन करायचा, बाराव्या माणसाचा पत्ता घ्यायचा.

फोन करण्याआधी बाईंनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, केस. घरातून गेले तेव्हा बबनरावांचे केस काळेभोर होते. बोर्डावर कानशिलाजवळ पांढरे झालेले. आणि भाचीनं दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळी बोर्डाचा एक जुना फोटो शोधून काढला होता, त्यात ते एवढे पांढरे नव्हते. म्हणजे माणूस वयानं वाढत होता. दुसरी, कपाळावर डाव्या भुवईच्या वर अर्ध्या इंचाची खूण. इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि कपाळावर बसलं. ही जखम घर सोडण्याआधी पंधरा दिवसांची. तिच्यानंतर घरात कोणी त्यांचा फोटोच काढला नव्हता.

"मंग ही खून बोर्डावर कुठनं आली?" त्या म्हणाल्या.

मी अण्णांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. स्ट्रिपमधला उजव्या टोकाचा माणूस कोण, म्हणून विचारलं. अण्णा म्हणाले, तो अन्सारभाईंचा माणूस. नाव आता आठवत नाही, पण ओळखतो. "मागच्या इफ्तारला माझ्या शेजारीच बसला होता. मी स्वतः खजूर दिला त्याच्या हातात. फार कमी बोलतो." बाईंनी पदर तोंडाला लावला. कमी बोलतो हे त्यांना पटलं असावं.

अन्सारभाईंचं भिंगारला गॅरेज आहे. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, नाही, आमच्यातला नाही तो. सॅम्युअल सरांच्या ओळखीचा असेल. "दिवाळीच्या फराळाला आला होता की अण्णांकडे. कोपऱ्यात उभा होता. मी चहा पुढे केला, त्यानं नुसती मान हलवली."

सॅम्युअल सर रिटायर्ड शिक्षक, हजेरीतली नावं अजून पाठ असलेला माणूस. ते म्हणाले, हा अण्णांचा पाहुणा आहे, खेड्याकडचा. नाताळला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि प्रार्थना संपायच्या आत उठून जातो. "दोन वर्षं बघतोय मी. गुड मॅन."

मी फोन ठेवला तेव्हा बाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना आत्ताच्या आत्ता भिंगारला जायचं होतं. तीन माणसांनी एका माणसाला तीन ठिकाणी पाहिलं, आणि तिघांनीही तो दुसऱ्याचा म्हणून सांगितला. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून मी तसं बोललो नाही. दुकान ऑपरेटर संगीताच्या ताब्यात दिलं, व्हॅन काढली आणि निघालो.

अण्णांच्या दुकानासमोर बाकडी टाकलेली असतात, तेच मंडळाचं ऑफिस. तिघांनाही तिथं बोलावून घेतलं. नाताळचा बोर्ड समोरच चौकात लागलेला. भर दुपारच्या उन्हात बाराही चेहरे लाल टोप्या घालून आमच्याकडे बघत होते. मी बाईंची ओळख करून दिली, प्रकरण सांगितलं. मग अण्णांना म्हणालो, बोलवा त्याला.

अण्णांनी अन्सारभाईंकडे पाहिलं. "अहो, तुमचा ना तो?"

"माझा कुठला? सरांचा," अन्सारभाई म्हणाले.

सर म्हणाले, "अण्णा, मी तर त्याला तुमचा पाहुणा समजत होतो."

मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची यादी बघायला सांगितली. त्यात अकरा माणसं होती. वर्गणीच्या वहीत अकरा. बोर्डावर बारा.

अण्णांनी रुमालानं मान पुसली. मी त्यांना विचारलं, खजूर तुम्ही खरंच याच्याच हातात दिला होता का? ते म्हणाले, दिला होता. मग म्हणाले, म्हणजे कोणाच्या तरी हातात दिला होता. अन्सारभाई चहाबद्दल ठाम होते. मान हलवल्याचं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं. सर घरी जाताना नेहमीच्या चौकातून न जाता मागच्या गल्लीनं गेले.

इतकी वर्षं एक माणूस यांच्या रांगेत उभा होता आणि त्याला नाव कोणी विचारलं नाही, याचा मला आधी रागच आला. मग अन्सारभाईंनी जे सांगितलं ते ऐकून राग गेला. ते म्हणाले, "पेंटर, विचारणार कसं? अण्णांना विचारलं असतं, हा कोण, तर त्यांना वाटलं असतं की अन्सारला आमचा माणूस खटकतोय." बाकीच्या दोघांनी माना हलवल्या. तिघांचंही तेच होतं. एकमेकांच्या सणाला एकमेकांच्या टोप्या घालणारी माणसं, पण 'हा कोण' एवढं विचारायची चोरी. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसंच प्रत्येकानं मूठ झाकून ठेवली होती.

सुमनबाई मात्र हरल्या नव्हत्या. उलट त्यांची खात्री वाढली होती. नाव नाही, पत्ता नाही, गर्दीत येतो, बोलत नाही, संपायच्या आत निघून जातो. हे वर्णन त्यांच्या नवऱ्याचंच होतं. त्या भाचीकडे मुक्कामाला राहिल्या आणि संध्याकाळभर त्या चौकात बसून होत्या, असं भाचीनं मला नंतर सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मी आणि संगीता कामाला लागलो. संगीता माझ्याकडे नऊ वर्षं ऑपरेटर आहे. दोन मुलांची आई, हात साफ, डोकं थंड. तिनं मंडळाच्या सगळ्या जुन्या फाइली उघडल्या आणि एकेक सण मागं जात राहिली. नाताळ, दिवाळी, बकरी ईद, पाडवा. बारावा प्रत्येक ठिकाणी हजर. मागं जावं तसे त्याचे केस काळे होत होते. दिवसाढवळ्या, ट्यूबलाइटखाली, एक माणूस आमच्या डोळ्यांसमोर तरुण होत गेला. संगीतानं मधेच माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

केसांचं कोडं तिनंच सोडवलं. मंडळातले बाकीचे दर वर्षी नवा फोटो पाठवतात. बाराव्याचा कधीच आला नाही. नव्या फोटोंच्या शेजारी त्याचा जुना फोटो अंधुक दिसायचा, म्हणून ती तो एका ॲपमधून काढायची. हे ॲप अंधुक चेहरा स्वच्छ करून देतं, म्हणजे जे दिसत नाही ते स्वतःच्या अंदाजानं भरतं. दर सणाला ती आधीच्याच सणाचा चेहरा पुन्हा ॲपमध्ये घालायची. दर खेपेला कानशिलावरचे पांढरे ठिपके ॲपला केस वाटले आणि त्यानं ते थोडे थोडे वाढवले. माणूस म्हातारा होत नव्हता. आमचं ॲप त्याला म्हातारं करत होतं.

चार वर्षांपूर्वीच्या रमजान ईदच्या फाइलला तो पहिल्यांदा दिसला. त्याच्या आधीच्या फाइलमध्ये बाराव्या गोलात दुसराच माणूस होता. "या दिवशी मी रजेवर होते," संगीता म्हणाली. "ही स्ट्रिप तुम्ही केलीय."

तेव्हा मला आठवलं.

त्या ईदच्या आदल्या दिवशी मंडळातला एक जण भांडून बाहेर पडला होता. अण्णांचा फोन आला, त्याचा चेहरा काढ. काढला. आता बारा गोलांतला एक रिकामा. सगळ्या गोलांची मापं नव्यानं बसवायला वेळ नव्हता, मशीनवर अजून सहा ईदचे बोर्ड थांबलेले. मी म्हणालो, एक गोल रिकामाच ठेवतो. अण्णा म्हणाले, "नको रे. रिकामा गोल ठेवला की माणूस गेल्यासारखं दिसतं." मी म्हणालो, बघतो.

आमच्याकडे कट-आउट नावाचं फोल्डर असतं. कट-आउट म्हणजे मागचं दृश्य कापून काढून सुटा केलेला चेहरा. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं त्यात पडलेली असतात, बहुतेकांना नाव नाही, नुसता नंबर. मी त्यातला एक साधा, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा चेहरा उचलला आणि बाराव्या गोलात बसवला. ईद झाली की काढू, असं ठरवलं होतं. कोणी काही बोललं नाही, मीही विसरलो.

आता प्रश्न होता तो चेहरा त्या फोल्डरमध्ये कुठून आला. नंबरावरून मूळ काम शोधायला दोन तास लागले. जुनी हार्ड डिस्क लावावी लागली. फाइल उघडली आणि संगीता उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

A4 आकाराचं पत्रक. वर लाल अक्षरांत 'हरवले आहेत'. मधे तोच चेहरा. खाली बबनरावांचं नाव, उंची, अंगातले कपडे, आणि संपर्कासाठी सुमनबाईंचाच मोबाईल नंबर. सात वर्षांपूर्वी त्यांचा दीर येऊन दोनशे प्रती छापून घेऊन गेला होता. पत्रकासाठी चेहरा कापून सुटा केला होता मीच. ज्याला शोधून द्या म्हणून पत्रक माझ्याकडे छापायला आलं होतं, त्याला मी हौसेनं शुभेच्छा द्यायला उभा केला होता.

सुमनबाईंना फोन करायला मला दुपार झाली. नसतं सांगितलं तर काय झालं असतं, याचाही मी विचार केला, ते लपवत नाही. बाई सोमवारी सही करायच्या नाहीत, दर सणाला बोर्डाखाली येऊन उभ्या राहतील, केस आणखी पांढरे झालेले बघतील. आणि मी त्यांना दर वर्षी नवरा छापून देईन. हे माझ्यानं झालं नसतं.

त्या भाचीला घेऊन आल्या. मी पत्रक स्क्रीनवर दाखवलं आणि सगळं सांगितलं, माझी चूक आधी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रडतील, ओरडतील, अशी मी तयारी ठेवली होती. तसं झालं नाही. त्यांनी स्क्रीनवरचा आपला नंबर बोटानं एकेक आकडा करून वाचला.

"म्हंजी माझाच फोटू फिरून माझ्याकडं आला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

मग त्यांनी खुणेचं विचारलं. पत्रकातल्या फोटोला खूण नव्हती, कारण फोटो जखमेच्या आधीचा होता. त्याचंही उत्तर मी शोधून ठेवलं होतं. मूळ फोटो बबनरावांच्या घरी राहिलेल्या जुन्या पाकिटातला, मधोमध घडी पडलेला. आम्ही स्कॅन केला तेव्हा घडीची पांढरी रेघ कपाळावरून नाकाच्या कडेनं हनुवटीपर्यंत आली होती. पत्रकात मी ती हातानं पुसली, पण कट-आउट न पुसलेल्या फोटोचा राहून गेला. नंतर ॲपनं त्या रेघेचा भुवईवरचा तुकडा खूण समजून तेवढाच ठेवला. मी त्यांना ती रेघ मोठी करून दाखवली.

"सगळ्या तोंडावर रेघ हाय की ही," त्या म्हणाल्या. "मग मशीननं बाकीची पुसली आन नेमकी तेवढीच कशी ठिवली?"

मी म्हणालो, घडी कुठंही पडते बाई. ॲपला काही कळत नसतं. हे उत्तर बरोबर आहे, आजही मी तेच देतो. पण संगीतानं त्या दिवसापासून ते ॲप वापरलेलं नाही आणि मीही तिला वापर म्हणालो नाही.

"आन त्या तिगांनी बघितलं ते?"

मी सांगितलं की रोज येताजाता चेहरा बोर्डावर दिसला की माणूस भेटल्यासारखाच वाटतो. गर्दीत कोणीतरी मागं उभं असतंच, त्याला तो चेहरा चिकटतो. बाई म्हणाल्या, व्हय. मग म्हणाल्या, खजूर तर कुणीतरी खाल्लाच असंल.

जाताना त्यांनी एकच मागितलं. अण्णा तो बोर्ड लगेच उतरवायच्या विचारात होते, तो त्यांनी सोमवारपर्यंत राहू द्यावा. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी दोरी-काठीवाल्याला परत पाठवलं. सोमवारी दुपारी सुमनबाईंनी नगरला वकिलाकडे सही केली आणि गावाकडची एसटी धरण्याआधी भिंगारला येऊन गेल्या. मंगळवारी सकाळी बोर्ड उतरला.

फेब्रुवारीत त्या पुन्हा आल्या, या खेपेला दिराबरोबर. विधी ठरला होता. दहाव्याला गावात लावायला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स हवा होता. मी मूळ फोटो काढून ठेवला होता, घडी नीट पुसून, हातानं दोन दिवस बसून. पैसे घ्यायचे नाहीत हे ठरवलंच होतं. दिराला फोटो आवडला. बाईंना नाही.

"ह्यो नको," त्या म्हणाल्या. "बोर्डावरला घ्या."

मी समजावलं की तो खरा नाही. केस ॲपनं पांढरे केलेत, खूण घडीची आहे. त्यांनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. पर ह्यो सात वर्सांमागचा. आता मी म्हातारी दिसते ह्यांच्याम्होरं. बोर्डावरल्यात आमच्यासंगं वय झाल्यालं दिसतंय. तेवढं तरी ऱ्हाऊ द्या."

संगीतानं टोपी काढलेला शेवटचा चेहरा उघडला आणि गोलात बसवला.

त्या डिसेंबरपासून मी दुकानात एक वही ठेवली आहे. फोल्डरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यासमोर नाव लिहायचं, ते फोटो देणाऱ्यानं स्वतः सांगायचं. त्या दिवशी दीर नाव सांगायला लागला तर बाईंनी त्याला हातानं थांबवलं. डोक्यावरचा पदर नीट केला आणि "बबन," म्हणाल्या. मग वडिलांचं नाव, आडनाव. मी लिहून घेतलं.

या वर्षी पाडवा आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आले. मंडळाला एकच बोर्ड हवा होता, अर्धी गुढी, अर्धा चंद्र. टोपी कोणती घालायची यावर अण्णांनी दोन दिवस घालवले आणि शेवटी सगळ्यांना बोडकंच ठेवलं. अकरा चेहरे बसवले. अण्णांनी प्रूफ बघून फोन केला की बारावा गोल रिकामा राहिलाय.

मी म्हणालो, राहू द्या.

"माणूस गेल्यासारखं दिसतं रे पेंटर."

"गेलाच आहे, अण्णा."

त्यांनी वाद घातला नाही. बोर्ड तसाच लागला.

त्याआधी मंडळाच्या इफ्तारला मला बोलावणं होतं. अन्सारभाईंच्या गॅरेजमध्येच चादरी अंथरल्या होत्या. त्यांनी मला मुद्दाम आपल्या शेजारी बसवलं. मला धरून बारा माणसं, आणि बश्या तेरा. एक बशी कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला, कोणी नसलेल्या जागेसमोर. तिच्यात दोन खजूर. सगळ्यांना ती दिसत होती आणि सगळे तिच्याकडे न बघता बोलत होते. मला वाटलं, पुन्हा तेच. म्हणून मी विचारलं, ही कोणाची?

"बबनरावांची," अन्सारभाई म्हणाले. अण्णांनी आणि सरांनी मान हलवली.

धंद्यातला धडा एवढाच, की चेहरा वापरण्याआधी नाव विचारावं. विचारलं तर कोणी रागावत नाही. आम्ही विचारलं, पण चार वर्षं उशिरा, आणि तेव्हा उत्तर द्यायला त्याची बायको आली.